हौद्याचे दार आणि हौद्याचे छप्पर

पुसदला आज रेल्वे नाही. दारव्ह्याहून इथवर येणारा अरुंदमापी लोहमार्ग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उखडला गेला, आणि वर्धा–यवतमाळ–नांदेड या नियोजित मार्गाचा वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा २०२४च्या फेब्रुवारीत वाहतुकीस खुला झाला असला, तरी पुसदच्या फलाटावरून सोयाबीनची वाघीण भरून निघण्याचा दिवस अजून यावयाचा आहे. पूस नदीच्या काठी, चहूबाजूंच्या डोंगरांच्या वेढ्यात वसलेल्या या गावात जे काही येते आणि येथून जे काही बाहेर जाते, ते म्हणूनच घाट चढून आणि घाट उतरून, कोणत्या ना कोणत्या मोटारीच्या हौद्यात बसूनच ये-जा करते. माळपठारावरची तूर असो, पोफाळीच्या बाजूची हळद असो, नदीकाठचा भाजीपाला असो किंवा जिनिंगच्या दारात जाणारा कापूस असो, त्याच्या प्रवासाचा आरंभ आणि शेवट एका लोखंडी फाळक्याच्या उघडण्या-मिटण्याने होतो. या फाळक्याविषयी आणि त्याच्यावर ओढल्या जाणाऱ्या आच्छादनाविषयी आपण जेवढा विचार करावयास हवा तेवढा केलेला नाही, आणि जो थोडाफार केला तो त्या दोहोंना परस्परांपासून तोडून केला, अशी माझी पक्की धारणा झाली आहे, आणि ती सविस्तर मांडावी एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

शेतमालाच्या वाहतुकीत बैलबंडीची जागा प्रथम मालट्रकने आणि नंतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने घेतली. परंतु २००५ साली टाटा कंपनीची ‘एस’ ही गाडी बाजारात आली, लोकांनी तिचे ‘छोटा हत्ती’ असे नामकरण केले, आणि त्याच सुमारास महिंद्राच्या बोलेरो पिकअपने खेड्यापाड्यांत आपले बस्तान बसविले, तेव्हापासून चार-पाच एकरांच्या शेतकऱ्यालाही आपला माल शेताच्या बांधावरून थेट बाजार समितीच्या आवारात नेण्याची सोय झाली. या गाड्यांची खरेदी करताना इंजिनाची ताकद, डिझेलचा खप, टायरांची प्रत आणि बँकेचा हप्ता यांची चौकशी अगदी बारकाईने होते, आणि ती व्हावयासही हवी. मात्र जो भाग प्रत्येक खेपेस निदान चार वेळा हाताळला जातो, ज्याच्यावर मालाचा सारा दाब पडतो आणि ज्याच्या कडीकोयंड्याशी माणसाच्या बोटांचा रोजचा संबंध येतो, त्या मागच्या फाळक्याविषयी आणि वरच्या ताडपत्रीविषयी गिऱ्हाईकही विचारीत नाही आणि विक्रेताही सांगत नाही. ‘ते नंतर बॉडीवाल्याकडून करून घेऊ’ या एका वाक्यात हा विषय निकालात निघतो.

नंतर जे करून घेतले जाते ते असे असते. कारखान्यातून आलेल्या गाडीचा फाळका खालच्या कडेला बिजागऱ्यांवर बसविलेला असतो, दोन्ही कोपऱ्यांवर त्याचे खटके असतात, आणि ते उघडले की तो सबंधच्या सबंध खाली पडतो. त्याला आडवा धरून ठेवावयाचे तर साखळ्या, आणि साखळ्या सोडल्या तर तो पार खाली लोंबतो. गावातला कारागीर याच्यावर लोखंडी पाइपांची उंच जाळी उभी करतो, आणि त्या जाळीच्या मागच्या बाजूस बहुधा दोन कवाडे ठेवतो, ती मधोमध एका आडव्या कडीने मिटतात. म्हणजे खाली पडणारा फाळका आणि वर दोन बाजूंना उघडणारी कवाडे, असे एक मिश्र दार तयार होते. या जाळीवर ताडपत्री घातली जाते, आणि तिचे दोर मागच्या बाजूने, नेमके त्या दोन कवाडांच्या सांध्यावरून आडवे ओढून फाळक्याखालच्या हुकांना गुंडाळले जातात. परिणाम असा होतो की वाटेवरच्या एखाद्या गावी दोन पोती उतरवावयाची असली तरी सगळे दोर सोडावे लागतात, ताडपत्री अर्धी वर फेकावी लागते, कवाडे उघडावी लागतात, फाळका पाडावा लागतो, आणि पुन्हा हे सारे उलट्या क्रमाने करावे लागते. पाऊस अंगावर असेल तर हे कोणी करीत नाही. ताडपत्रीचे एक टोक सैल तसेच ठेवून गाडी हाकली जाते, आणि पुढच्या मुक्कामाला पोहोचेपर्यंत मागच्या रांगेतली पोती भिजून जातात.

फाळक्याचा हा प्रश्न मला सर्वप्रथम हमालांचा प्रश्न वाटतो, म्हणून त्याविषयी थोडे सावकाश लिहितो. साखळ्यांवर आडवा धरलेला फाळका हा माणूस आणि माल यांच्यामध्ये सुमारे दीड फुटाचे अंतर निर्माण करतो. एवढ्या अंतरावरून, कंबरेत वाकून, दोन्ही हात पुढे ताणून पन्नास-साठ किलोचा कट्टा आपल्याकडे ओढावयाचा, तो पाठीवर घ्यावयाचा आणि वळावयाचे, ही क्रिया हंगामात एकेक इसम दिवसभर करीत असतो. ओझे शरीरापासून जितके दूर, तितका पाठीच्या खालच्या मणक्यांवर त्याचा भार अधिक, हा यंत्रशास्त्राचा प्राथमिक नियम आहे, आणि तो हमालाच्या शरीराला कोणतीही सवलत देत नाही. साखळ्या सोडून फाळका खाली लोंबता ठेवला तर हे अंतर मिटते, हे खरे. परंतु मग त्याची लोखंडी कड नडगीच्या उंचीवर येते, गाडी किंचित हलली की ती झोका घेते, आणि ओझे पाठीवर असलेल्या माणसाला पायाकडे पाहता येत नाही. त्याहून मोठा धोका उघडण्याच्या क्षणी असतो. घाटातली चढण चढताना पोत्यांची थप्पी मागे सरकून फाळक्यावर रेललेली असते, आणि दोन कोपऱ्यांवरचे दोन खटके एकटा माणूस एकाच वेळी उघडू शकत नाही. त्याने एक खटका काढला की फाळका तिरका ताणला जातो, दुसऱ्या खटक्यावर सारा दाब येतो, तो हातोडीने ठोकून काढावा लागतो, आणि निघाला की फाळका व त्यामागची पोती एकदमच कोसळतात. तो ठोकणारा माणूस त्या वेळी नेमका त्यांच्या समोर उभा असतो.

दोन कवाडांच्या फाळक्याचा खरा गुण इथे आहे. उभ्या बिजागऱ्यांवर फिरणारे एक कवाड उघडले असता दुसरे मिटलेलेच राहते, आणि त्याच्यामागचा माल जागच्या जागी थांबतो. उघडणारा माणूस कवाडाच्या बाजूला उभा राहतो, मालाच्या वाटेत उभा राहत नाही. कवाड बाजूस गेल्यावर हौद्याच्या कडेपर्यंत छाती टेकवून उभे राहता येते, कट्टा अंगालगत घेता येतो, आणि पायाखाली किंवा नडगीपाशी कोणतीही लोखंडी कड उरत नाही. दोन कवाडे समान रुंदीची न ठेवता एक मोठे व एक लहान ठेवले तर आणखी एक सोय होते. वाटेतल्या किराणा दुकानाला चार खोकी द्यावयाची असतील, किंवा तांड्यावर खताच्या दोन गोण्या उतरवावयाच्या असतील, तर लहान कवाड तेवढे उघडून काम भागते.

ही कल्पना नवीन नाही. अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९६६च्या आपल्या स्टेशन वॅगन गाड्यांना असे मागचे दार बसविले होते की जे खालीही पडत असे आणि दारासारखे बाजूसही उघडत असे. होंडाने २००५ साली आणलेल्या ‘रिजलाइन’ या पिकअपमध्ये तीच दुहेरी योजना आली, आणि २०१९ साली ‘राम’ या गाडीच्या निर्मात्यांनी फाळका साठास चाळीस या प्रमाणात उभा विभागून त्याची दोन कवाडे केली, जी एकत्र खालीही पाडता येतात. तेथील पिकअप पुष्कळदा एका कुटुंबाची खासगी गाडी असते, तिच्या हौद्यात सुतारकामाची हत्यारे, बागेची माती किंवा सहलीचे सामान जाते, आणि त्याच्यावर गुंडाळता येणारे, घडी पडणारे किंवा डब्यात सरकणारे सपाट आच्छादन बसविण्याची मोठी आवड आहे. दुभागलेला फाळका आला तेव्हा या आच्छादनांपुढे एक अडचण उभी राहिली. ज्या आच्छादनाची मागची कड थेट फाळक्याच्या माथ्यावर रबरी पट्टीने दाबून बसते, त्याला खाली एकसंध माथा हवा असतो. तो माथा दोन तुकड्यांचा झाला की मधल्या उभ्या फटीतून पाणी आत शिरते, आणि जिथे आच्छादन फाळक्याला अडकवून बंद होते तिथे आधी आच्छादन सैल केल्याखेरीज कवाड उघडत नाही. म्हणून अशा फाळक्याला साजेसे आच्छादन तेच, जे आपला सगळा आधार हौद्याच्या दोन बाजूंकडून आणि स्वतःच्या मागच्या आडव्या पट्टीकडून घेते, आणि फाळक्याकडून फक्त पाणी अडविण्यापुरता स्पर्श मागते. हे तत्त्व आपल्याला जसेच्या तसे उपयोगी आहे. त्यांची सपाट झाकणे मात्र आपल्या कामाची नाहीत, कारण आपला माल हौद्याच्या काठापाशी थांबत नाही, तो जाळीच्या माथ्यापर्यंत चढतो.

आता दोन कवाडांच्या फाळक्याबरोबर राहण्यातल्या अडचणीही स्वच्छपणे सांगितल्या पाहिजेत, कारण त्या दडवून केलेली शिफारस पहिल्या हंगामातच उघडी पडते. पहिली अडचण कोपऱ्यातल्या खांबाची. ज्या गाड्यांचा हौदा तिन्ही बाजूंनी उघडतो, त्यांचे मागचे कोपऱ्याचे खांब केवळ खटका अडविण्यापुरते घडविलेले असतात. दाराचे वजन टांगून धरण्याची त्यांच्याकडून अपेक्षाच नसते. अशा खांबाला नुसत्या बिजागऱ्या जोडून कवाड लटकविले तर खडबडीत रस्त्याच्या हादऱ्यांनी खांब बाहेर झुकतो, कवाडाचे मोकळे टोक खाली ओघळते, आणि काही महिन्यांत दोन कवाडांच्या कड्या एकमेकींना भेटेनाशा होतात. मग कारागीर पहार लावून कवाड उचलतो, मालक दोरीने बांधतो, आणि ‘यापेक्षा जुना फाळका बरा’ असा निष्कर्ष निघतो. दोष कवाडांचा नसतो, खांबाचा असतो. खांब खाली गाडीच्या आडव्या पट्टीपर्यंत नेऊन तिला घट्ट केला, दोनऐवजी तीन बिजागऱ्या दिल्या, कवाडाच्या चौकटीत कर्ण पट्टी घातली, आणि मिटल्यावर कवाडाचे टोक टेकण्यासाठी हौद्याच्या कडेवर एक लहान उतरता ठोकळा ठेवला, तर हा दोष राहत नाही. दुसरी अडचण वजनाची आहे. हौद्यावर चढविलेले प्रत्येक किलो लोखंड हे मालातून वजा होणारे असते, तेव्हा जाड पत्र्याचा हव्यास धरण्यापेक्षा चौकोनी पाइपाची चौकट आणि पातळ पत्रा अशी रचना बरी. काळ्या मातीचा चिखल बिजागरीत वाळून दगडासारखा होतो, सोयाबीनचे भूस त्यात शिरते, म्हणून महिन्यातून एकदा ती धुऊन तेल देण्याची निगा ठेवावीच लागते.

तिसरी अडचण जागेची, आणि ती आमच्या गावात विशेष जाणवणारी. बाजू-बाजूला उघडणाऱ्या कवाडांना फिरावयास मोकळी जागा लागते. बाजारपेठेच्या अरुंद गल्लीत, जिथे गाडीच्या दोन्ही अंगांना दुकानांच्या पायऱ्या, हातगाड्या आणि उभ्या मोटारसायकली असतात, तिथे मोठे कवाड पुरते उघडत नाही. उलट जिनिंगच्या किंवा गोदामाच्या ओट्याला गाडी मागे लावावयाची झाली तर आडवा पडणारा फाळका ओटा आणि हौदा यांच्यामधली फट झाकून पायवाट तयार करतो, आणि हे काम कवाडे करू शकत नाहीत. या दोन्ही गरजा मला खऱ्या वाटतात. म्हणून माझे मत असे की खालचा फाळका पाडण्याची सोय अजिबात काढून टाकू नये. कवाडे त्या फाळक्याच्याच चौकटीत असावीत, त्यांची मधली कडी मिटलेली असता सबंध चौकट पूर्वीप्रमाणे खाली पाडता यावी, आणि कडी उघडली असता कवाडे बाजूस जावीत. अशी चौकट घडविताना कोपऱ्याच्या खांबांचे काम अधिक काळजीचे होते हे मान्य. पण कुशल हातांचा आपल्याकडे तुटवडा नाही. ज्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पेरणीयंत्रे आणि मळणीयंत्रांच्या चाळण्या घडविल्या, त्यांना हे अवघड नाही.

आच्छादनाचा विषय याहूनही नाजूक आहे, कारण त्यात शेतकऱ्याच्या वर्षाच्या कमाईचा हिशेब गुंतलेला आहे. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनची आर्द्रता १२ टक्क्यांच्या आत असावी असा दंडक आहे. २०२४च्या हंगामात केंद्र सरकारने ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली, यावरूनच ती किती शेतकऱ्यांना नडत होती हे दिसते. कापसाच्या बाबतीत भारतीय कापूस निगम ८ टक्के आर्द्रतेला पूर्ण भाव देते, त्यापुढे प्रत्येक टक्क्यामागे भाव कापते, आणि १२ टक्क्यांच्या वर माल घेत नाही. या आकड्यांचा अर्थ असा की शेतात कष्टाने वाळवून, आर्द्रता मोजून निघालेला माल वाटेतल्या एका सरीने नाकारला जाऊ शकतो. २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या अवकाळी पावसाने महाराष्ट्रभर सोयाबीनची जी दैना केली ती पुष्कळांच्या स्मरणात असेल. पावसाळा संपला असे पंचांग सांगत असले तरी दसरा-दिवाळीच्या सुमारास, ऐन हर्राशीच्या दिवसांत, येथे आभाळ केव्हा भरून येईल याचा भरवसा राहिलेला नाही. खाजगी व्यापाऱ्याकडे तर आर्द्रतेचा वाद यंत्रापर्यंतही जात नाही. मुठीत दाणे घेऊन, दाताखाली एक फोडून, अडत्या भाव पाडतो, आणि मागच्या रांगेतले एक भिजलेले पोते सबंध गाडीच्या भावाला कारण होते.

म्हणून आच्छादनाचा विचार फाळक्यापासून सुरू झाला पाहिजे. गाडीचे पाणी बहुतेक वेळा वरून येत नाही, मागून येते. धावणाऱ्या गाडीच्या पाठीमागे हवेची पोकळी तयार होते, चाकांनी उडविलेले पाणी आणि तिरकी सर त्या पोकळीत ओढली जाते, आणि ताडपत्रीचे मागचे पाखे फडफडत असेल तर ते थेट पोत्यांवर येते. जाळीच्या माथ्यावर तीन-चार कमानी देऊन ताडपत्री ताणली, म्हणजे मध्ये खोलगट होऊन पाणी साचत नाही, आणि मागच्या बाजूचा पडदा वरच्या ताडपत्रीपासून वेगळा, कवाडांच्या मापाने दोन तुकड्यांचा केला, एक तुकडा दुसऱ्यावर हातभर चढेल असा ठेवला, आणि प्रत्येक तुकडा आपापल्या कवाडाच्याच कड्यांना पट्ट्यांनी बांधला, तर कवाड उघडताना पडदाही त्याच्याबरोबर उघडतो. वरचे छप्पर हलत नाही, दोर सोडावे लागत नाहीत. मधल्या उभ्या फटीवर जुन्या टायरच्या ट्यूबची पट्टी एका कवाडाला रिबीट मारून बसविली की तिचेही काम होते. फाळका आणि आच्छादन एकमेकांना जुळणारे असणे म्हणजे एवढेच, आणि त्याला परदेशी साहित्याची गरज नाही. गरज आहे ती बॉडी बांधणारा आणि ताडपत्री शिवणारा या दोन कारागिरांनी एकाच वेळी एकाच गाडीचे माप घेण्याची. आज ते दोघे एकमेकांना भेटतही नाहीत.

कापसाच्या बाबतीत मात्र वेगळी खबरदारी घ्यावी लागते, आणि तिच्याकडे आपण फारच दुर्लक्ष केले आहे. विणीव प्लास्टिकची स्वस्त ताडपत्री उन्हाने कुजली की तिचे तंतू सुटतात, ते मोकळ्या कापसात मिसळतात, जिनिंगमध्ये ते वेगळे निघत नाहीत, सुतात शिरतात, आणि रंगविलेल्या कापडावर डाग होऊन प्रकट होतात, कारण प्लास्टिक कापसाचा रंग धरीत नाही. भारतीय कापसाला बाहेरच्या बाजारात जो कमी भाव मिळत आला त्याचे एक जुने कारण ही मिसळ आहे, आणि २०००च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने सुरू केलेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानात ती कमी करण्यावर भर दिला गेला होता. म्हणून कापसाला लागून सुती चादर किंवा सुती कापडाचे आच्छादन, आणि त्याच्यावर पावसापुरती ताडपत्री, असे दोन थर असावेत. दुसरा थर लागेलच असे नाही, पण पहिला कायम असावा. त्याने रस्त्याच्या कडेच्या बाभळींवर उडून लागणारा कापूसही वाचेल, जो आज प्रत्येक हंगामात वाऱ्यावर सोडून दिला जातो आणि ज्याची कोणाच्या वहीत नोंद होत नाही.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार हौद्याच्या बाहेर, बाजूंनी, मागे किंवा मर्यादेपेक्षा उंच माल काढून नेल्यास २०,००० रुपयांचा दंड आहे, आणि जादा माल उतरविण्याचा खर्चही गाडीवाल्याच्याच माथी येतो. फाळका साखळ्यांवर आडवा ठेवून त्याच्यावरही पोती लादण्याचा जो शिरस्ता पडला आहे, तो या कलमाखाली सरळ येतो. परंतु दंडापेक्षा मला त्यातला अंधार अधिक भयावह वाटतो. फाळका खाली लोंबत असला तर मागचे लाल दिवे, परावर्तक पट्ट्या आणि बहुधा क्रमांकाची पाटीही झाकली जाते. वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा खंडाळ्याचा घाट रात्री चढताना पुढे चाललेली अशी गाडी मागच्या मोटारसायकलस्वाराला दिसते ती अगदी जवळ गेल्यावरच. हौद्यात माणसे बसवून नेण्याची जी वहिवाट लग्नसराईत आणि ऊसतोडीच्या हंगामात चालते, ती फाळका कोणत्याही नमुन्याचा असो, बंदच झाली पाहिजे. तो माल अडविण्यासाठी केलेला आहे, आणि त्याच्यावर पाठ टेकून बसलेल्या मुलाच्या जीविताची हमी त्याचा खटका देऊ शकत नाही. दुसरीकडे, याच कायद्याच्या ५२व्या कलमाने गाडीच्या मूळ रचनेत परवानगीवाचून फेरफार करण्यास बंदी आहे. त्यामुळे सुरक्षित कवाडे बसवू इच्छिणारा प्रामाणिक मालकही मनात धाकधूक बाळगतो, तपासणीच्या वेळी ‘हे कोणाला विचारून केले’ असा प्रश्न येईल या भयाने. ही संदिग्धता परिवहन खात्याने लेखी दूर करावी. फाळक्याच्या चौकटीत, मूळ मापाच्या आत केलेली कवाडे चालतील काय, आणि चालणार असतील तर खांब, बिजागरी व दिवे यांच्या कोणत्या अटींवर, याचा एक नमुना नकाशासह कचेरीच्या फलकावर लावणे ही काही दुर्घट गोष्ट नाही. योग्यता प्रमाणपत्राच्या तपासणीत ब्रेक आणि दिव्यांबरोबर फाळक्याच्या खटक्यांचीही परीक्षा व्हावी.

अशा क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूंसाठी नियम करण्याची परंपरा या भागाला परकी नाही. कापसाच्या बाजारातले माप, कडता आणि दलाली यांना नियमांत बांधणारा देशातला पहिला बाजार आमच्या शेजारच्या कारंज्याला १८८६ साली स्थापन झाला, आणि १८९७ साली वऱ्हाडातल्या कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा आला. पुढे पुसद तालुक्यातल्याच गहुलीचे वसंतराव नाईक डिसेंबर १९६३पासून फेब्रुवारी १९७५पर्यंत राज्याचे मुख्यमंत्री असताना, १९६९ साली माथाडी व हमाल यांच्या कामाचे नियमन करणारा कायदा झाला आणि १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. एकाधिकार योजनेच्या गुणदोषांचा वाद येथे करावयाचा नाही. परंतु ज्या तालुक्यातून निघालेल्या माणसाच्या कारकिर्दीत हमालाच्या पाठीचा आणि कापसाच्या भावाचा विचार विधिमंडळाच्या पातळीवर झाला, त्या तालुक्यात गाडीच्या फाळक्याचा विचार बाजार समितीच्या पातळीवर तरी व्हावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

बाजार समितीने काय करावे, याविषयी माझे म्हणणे मर्यादित आहे. आवारात माल घेऊन येणाऱ्या गाड्यांपैकी ज्यांचा फाळका एका माणसाने, बाजूला उभे राहून, सुरक्षितपणे उघडता येतो आणि ज्यांचे मागचे आच्छादन सबंध न सोडता माल काढता येतो, अशा गाड्यांना उतराईच्या ओट्यावर आधी जागा द्यावी. यात कोणाला अनुदान द्यावयाचे नाही की कोणावर कर बसवावयाचा नाही. हंगामात रांगेतले दोन तास वाचणे हाच गाडीवाल्याला पुरेसा मोबदला होईल. ज्यांच्या पाठीवर हे सारे चालते त्या हमालांना नमुना ठरविताना बोलवावे, कारण कवाड कोणत्या उंचीवर अडते आणि कडी कोणत्या हाताला यावी हे त्यांच्याइतके कोणी सांगू शकणार नाही. जिल्हा परिषदेच्या योजनांतून शेतकऱ्यांना ताडपत्र्या दिल्या जातात. त्यांच्याबरोबर कापूस उत्पादकांना सुती आच्छादन निवडण्याचीही मुभा द्यावी, आणि ताडपत्रीची जाडी व कडांचे शिवण पाहूनच ती स्वीकारावी.

एक गोष्ट घाईने करण्यासारखी आहे. नवीन गाड्यांची खरेदी दसऱ्याच्या आसपास सर्वांत जास्त होते, आणि त्या दिवसांत बॉडी बांधणाऱ्या कारागिरांना मान वर करण्याची उसंत नसते, म्हणून जो येईल त्याला मागच्या वर्षीच्याच मापाची जाळी जोडून देण्याकडे त्यांचा कल होतो. नमुन्याची एक चौकट, तिच्यावर शिवलेल्या दोन तुकड्यांच्या पडद्यासह, पोळ्यापूर्वी बाजार समितीच्या आवारात एका गाडीवर बसवून उभी राहिली, आणि सोयाबीनची पहिली आवक सुरू होईपर्यंत हमालांनी तिच्यावर भरून-उतरवून तिचे दोष काढले, तर या वर्षीच्या नव्या गाड्यांपैकी काही तरी त्या मापाच्या निघतील. चौकटीचे लोखंड, तीन-तीन बिजागऱ्या आणि पडद्याचे कापड यांचा खर्च एका भिजलेल्या गाडीभर सोयाबीनच्या नुकसानीपुढे अल्प आहे, आणि तो कोणी उचलावयाचा याचा ठराव समितीच्या पुढच्याच बैठकीत होऊ शकतो.